चाहत्यांचा कूळहक्क

आमच्या अगदी पहिल्या तुकडीतील एक विद्यार्थी गेली अनेक वर्षे कॅलिफोर्नियात, ओकलंड शहराच्या परिसरात स्थायिक आहे. मध्यंतरी तो सहकुटुंब पुण्यास आला असता आवर्जून घरी भेटावयास आला. बरोबर तेरा वर्षांचा मुलगा होता. भर उन्हाळ्यात, घरात बसल्यावरही, त्याने डोक्यावरची हिरवी टोपी काढली नाही. "सर, या मुलाला तीन नाद आहेत," बाप हसत म्हणाला, "बेसबॉल, माझ्या लहानपणचे व्हिडिओ गेम आणि सोंगे." टोपी ओकलंडच्या बेसबॉल संघाची होती. संघाचे बोधचिन्ह हत्ती. मुलाने आईच्या मदतीने स्पंजाचा आणि कापडाचा हत्ती शिवला होता आणि तो अंगावर चढवून संघाचा ओकलंडमधील शेवटचा सामना पाहिला होता. त्याचे छायाचित्र त्याने दाखविले. हत्तीच्या सोंडेआडून डोळे तेवढे दिसत होते. ते रडवेले होते.

"शेवटचा म्हणजे?" मी विचारले. "आता आमच्याकडे संघ नाही, काका. मालकांनी नेला," तो म्हणाला, आणि थोडे थांबून त्याने विचारले, "संघ नेमका कुणाचा असतो?"

अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने या प्रश्नाला उत्तर द्यावयास क्षणभरही लागू नये. संघ मालकाचा असतो; प्रेक्षक हा ग्राहक असतो; ग्राहकाने तिकिटाचे पैसे मोजले, करमणूक पदरात पाडून घेतली, व्यवहार संपला. हे उत्तर मी दिलेही. परंतु त्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहताना, आपण वीस-बावीस वर्षे जे शिकवीत आलो त्यात कुठेतरी एक रकाना कोरा राहून गेला आहे, असे वाटल्यावाचून राहिले नाही. हा लेख त्या रकान्याविषयी आहे.

ओकलंडची हकीकत

प्रथम वस्तुस्थिती. 'अ‍ॅथलेटिक्स' या नावाचा हा संघ १९०१ साली फिलाडेल्फियात जन्मला. पुढल्याच वर्षी जॉन मॅग्रॉ या प्रतिस्पर्धी व्यवस्थापकाने या संघाच्या मालकाने 'पांढरा हत्ती' गळ्यात बांधून घेतला आहे, अशी खोचक टीका केली. संघाने ती टीकाच शिरोधार्य मानून हत्तीला आपले बोधचिन्ह केले. १९५५ मध्ये संघ कॅन्सस सिटीस गेला आणि १९६८ मध्ये ओकलंडला. तेथे त्याने १९७२, १९७३, १९७४ आणि पुन्हा १९८९ मध्ये अमेरिकेतील सर्वोच्च अजिंक्यपद मिळविले. गोदी कामगार, कारखान्यातले मजूर, लहान दुकानदार अशा लोकांच्या या शहरात संघ हा नागरी जीवनाचा भाग बनला.

अलीकडच्या वर्षांत चांगले खेळाडू एकामागून एक दुसऱ्या संघांना देण्यात आले, तिकिटांचे दर वाढले, मैदानाची दुरवस्था झाली. साहजिकच प्रेक्षक घटले, आणि मग 'प्रेक्षक येत नाहीत' हेच स्थलांतराचे एक कारण म्हणून पुढे करण्यात आले. त्याला उत्तर म्हणून १३ जून २०२३ रोजी चाहत्यांनी एक विलक्षण चळवळ केली. बहिष्कारात लोक घरी बसतात. येथे लोकांनी ठरवून मैदान भरविले. त्या हंगामात तोवर सरासरीने दहा हजारही प्रेक्षक जमत नव्हते. त्या दिवशी २७,७५९ जमले. 'विका' एवढाच शब्द छापलेले हिरवे सदरे त्यांनी घातले होते. संघ विका, पण येथेच राहू द्या, असा त्याचा अर्थ. त्याच आठवड्यात नेवाडा राज्याने लास व्हेगासमधील नव्या मैदानासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतचा सार्वजनिक निधी मंजूर केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये इतर सर्व संघमालकांनी एकमताने स्थलांतरास अनुमती दिली. २६ सप्टेंबर २०२४ रोजी ओकलंडमधील शेवटचा सामना झाला. ४६ हजारांहून अधिक माणसे निरोपाला आली. २०२५ पासून संघ सॅक्रामेंटोत तात्पुरता मुक्काम करून आहे.

येथे बाजारपेठेचा नियम चालला, असे कुणी म्हणू नये. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२२ साली बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली. १९५३ आणि १९७२ मध्ये ती कायम केली. खेळाडूंच्या सेवाशर्तींपुरता १९९८ मध्ये तिचा संकोच झाला; संघांच्या स्थलांतराबाबत ती उरलीच. हाच संघ आपल्याकडे यावा म्हणून सॅन होजे शहर न्यायालयात गेले होते. त्याचा दावा २०१५ मध्ये याच सुटीच्या आधारे फेटाळला गेला. म्हणजे संघ कोणत्या गावात असावा हे ठरविण्याचा अधिकार मालकांच्या बंदिस्त मंडळाकडे आहे. ज्याला स्पर्धा नाही त्याने ग्राहकाला 'आवडत नसेल तर दुसरीकडे जा' असे सांगणे ही क्रूर थट्टा होय.

प्रेमाचे अर्थशास्त्र

आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका छोट्या पुस्तकात असे दाखविले, की असमाधानी माणसापुढे दोन मार्ग असतात: निघून जाणे किंवा आवाज उठविणे. निष्ठा ही माणसाला लगेच निघून जाऊ देत नाही. म्हणूनच तो आवाज उठवितो. बाजारपेठेचे शास्त्र बहुतांशी निघून जाणाऱ्यांचे शास्त्र आहे. या दुकानातील साबण महागला तर आपण शेजारच्या दुकानात जातो. पण ओकलंडचा चाहता शेजारच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाकडे वळत नाही. चाहता याचा अर्थच मुळी पर्याय नाकारणारा माणूस असा आहे. ज्याला निघून जाता येत नाही आणि ज्याच्या आवाजाला कायद्यात स्थान नाही, त्याच्या निष्ठेची किंमत दुसराच कुणी वसूल करतो.

स्टिग्लर आणि बेकर यांनी १९७७ मध्ये दुसरी एक गोष्ट निदर्शनास आणली. संगीत जितके ऐकावे तितकी त्याची गोडी वाढते, कारण श्रोता ऐकता ऐकता स्वतःत एक प्रकारचे भांडवल साठवीत असतो. हा विचार आपण पुढे नेला पाहिजे. चाहत्याचे भांडवल त्याच्या एकट्यापाशी राहत नाही. रिकाम्या मैदानावर खेळला जाणारा सामना आणि भरल्या मैदानावर खेळला जाणारा सामना ही एकच वस्तू नव्हे. ओकलंडच्या उजव्या बाजूच्या स्वस्त बाकांवर वर्षानुवर्षे ढोल वाजत, झेंडे फडकत. दूरचित्रवाणीवर सामना पाहणाऱ्याला विकला जाणारा माल त्या ढोलांसह विकला जाई. ढोलवाल्यांना कुणी मजुरी दिली नाही. उलट त्यांनीच तिकीट काढले. जो उत्पादनात श्रम घालतो आणि वर पैसेही देतो, त्याला निव्वळ ग्राहक म्हणणे ही हिशेबातील चूक आहे.

जुन्या खेळांची राखण

मुलाचा दुसरा नाद पाहा. बापाच्या लहानपणी, नव्वदीच्या दशकात, आपल्याकडे टीव्हीला जोडावयाचे स्वस्त खेळयंत्र मिळे. कॅसेट चालेना की तिच्या तोंडाशी फुंकर मारावयाची, हे त्या पिढीला पाठ होते. ती यंत्रे बहुधा निन्टेंडो या जपानी कंपनीने १९८३ साली काढलेल्या यंत्राच्या नकला असत. मुलापाशी मात्र अस्सल कॅसेटी आहेत, जुन्या बाजारातून हुडकलेल्या. त्यांत १९९४ चा एक बेसबॉलचा खेळ आहे, केन ग्रिफी या नामांकित खेळाडूच्या नावाचा. गंमत अशी, की निर्मात्यांपाशी संघांची नावे वापरण्याचा परवाना होता, खेळाडूंच्या संघटनेचा नव्हता. म्हणून ग्रिफी वगळता बाकी सर्व नावे काल्पनिक. परंतु नावे बदलण्याची सोय खेळात ठेवलेली होती. आणि त्या काळच्या मुलांनी ती एकेक करून खरी लिहिली. या मुलाच्या कॅसेटीतही कुणा अनोळखी पूर्वमालकाने भरलेली नावे शिल्लक होती. ती जपण्यासाठी कॅसेटीत एक बटणाएवढी बॅटरी असते. ती संपली की नावे पुसली जातात. त्यामुळे मुलाने प्रथम ती सर्व नावे वहीत उतरवून घेतली, मग डाग देण्याची इस्त्री चालवावयास शिकून नवी बॅटरी बसविली, आणि नावे पुन्हा भरली. ग्रंथालयातील पोथीची नक्कल करणाऱ्याहून हे काम वेगळे कसे मानावे?

कंपन्या हे काम करीत नाहीत, कारण त्यात त्यांचा नफा नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात उपलब्ध नाहीत. खेळांवर आधारलेल्या गेमची अवस्था अधिकच कठीण, कारण ते पुन्हा काढावयाचे तर संघांचे, खेळाडूंचे परवाने नव्याने घ्यावे लागतात. बरे, ग्रंथालयांनी तरी ते अभ्यासकांना दुरून पाहू द्यावेत, तर त्यासाठी मागितलेली सवलत अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. ज्या मालकाला आपला माल विकावयाचा नाही, त्याला तो इतरांना पाहूही न देण्याचा हक्क आहे. पडीक जमिनीभोवती काटेरी कुंपण घालून बसावे, तसाच हा प्रकार.

सोंगाचा धनी कोण

तिसरा नाद सोंगांचा. १९३९ साली न्यूयॉर्क येथे विज्ञानकथांच्या चाहत्यांचे पहिले जागतिक संमेलन भरले, तेव्हा फॉरेस्ट अ‍ॅकरमन हा तरुण भविष्यकाळातील पोशाख घालून आला. तो पोशाख मर्टल डग्लस या त्याच्या मैत्रिणीने शिवला होता. आज ज्याला 'कॉस्प्ले' म्हणतात त्याचा हा एक उगम. 'कॉस्प्ले' हा शब्द मात्र जपानचा, १९८० च्या दशकातला. ही कला आरंभापासून चाहत्यांच्या शिवणयंत्रावर वाढली.

सोंगाला किती मोल असते हे बेसबॉलइतके कुणालाच कळले नसेल. फिलाडेल्फियाच्या दुसऱ्या संघाने, 'फिलीज'ने, १९७८ मध्ये 'फॅनॅटिक' नावाचा हिरवा, केसाळ प्राणी मैदानावर आणला. संघाचे अधिकारी बिल गाइल्स यांनी पुढे सांगितले, की पोशाख हक्कांसह ५,२०० डॉलरना आणि हक्कांविना ३,९०० डॉलरना मिळत होता. त्यांनी १,३०० डॉलर वाचविले. काही वर्षांतच ते हक्क विकत घेण्यास दोन लाखांहून अधिक डॉलर मोजावे लागले. पुढे पोशाखाच्या निर्मात्यांनी पस्तीस वर्षांनंतर हक्क परत घेण्याच्या कायदेशीर तरतुदीचा आधार घेतला. २०१९ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२१ मध्ये तडजोडीने मिटले. निर्माते आणि संघ या दोघांनीही आपापला हक्क हिरिरीने मांडला, आणि ते योग्यच झाले. पण ३,९०० डॉलरच्या त्या पोशाखाचे मोल लाखांवर नेले कुणी? त्याला पाहण्यासाठी मुलांना खांद्यावर बसवून आणणाऱ्या आईबापांनी. त्यांचा खटल्यात पक्षकार म्हणून उल्लेख नाही.

२०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गणवेशांवरील नक्षीला कॉपीराइटचे संरक्षण मिळू शकते असा निर्णय दिला. त्या खटल्यात एका कादंबरीमालेच्या चाहत्यांच्या संघटनेने न्यायालयापुढे स्वतंत्र निवेदन करून आपल्या पोशाखांविषयी काळजी व्यक्त केली होती. घरी सोंग शिवणाऱ्या मुलाच्या मागे आज कुणी लागत नाही, हे खरे. पण ते मालकाच्या मर्जीने, हक्काने नव्हे.

कुळाचा दृष्टांत

मर्जी आणि हक्क यांतील हा फरक महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ साली झाला. १९५६ च्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल १९५७ हा 'कृषकदिन' ठरून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. त्यामागील विचार असा होता, की पिढ्यान्‌पिढ्या ज्याने जमिनीत घाम गाळला, बांध घातले, विहीर खणली, त्याचा त्या जमिनीशी असलेला संबंध केवळ खंडाच्या पावतीने मोजता येत नाही. सातबाऱ्यावर नाव नसणे म्हणजे नाते नसणे नव्हे. चाहता हा अशा अर्थाने कूळ आहे.

भला जमीनदार हे कूळकायद्याचे उत्तर नव्हे. सिॲटल शहराचे उदाहरण घ्या. १९७० मध्ये तेथील संघ एकाच हंगामानंतर मिलवॉकीला नेण्यात आला. राज्य सरकारने दावा लावला आणि त्यातून १९७७ मध्ये शहराला नवा संघ मिळाला. १९९२ मध्ये तोही फ्लोरिडाला जाण्याच्या बेतात असता निन्टेंडोचे प्रमुख हिरोशी यामाउची पुढे आले, आणि त्यांच्या पैशाने संघ सिॲटलमध्येच राहिला. लहान मुलांच्या कॅसेटींवर मिळविलेल्या पैशाने एका शहराचा बेसबॉल वाचला! यामाउची २०१३ साली वारले. आपल्या संघाचा एकही सामना त्यांनी मैदानात जाऊन पाहिला नाही. त्यांचे औदार्य मोठेच. पण लाखो माणसांचे भावविश्व एका परस्थ धनिकाच्या सदिच्छेवर टिकावे, ही व्यवस्था नव्हे. हा योगायोग झाला.

आक्षेप दोन आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा, की ओकलंडने तरी संघ कोठून आणला? कॅन्सस सिटीच्या चाहत्यांना रडवूनच ना? हे मान्य करावयास हवे. परंतु कालच्या अन्यायाचा लाभ मिळालेल्याला आज अन्याय सोसावा लागला म्हणून हिशेब चुकता होत नाही. दोन्हीकडे चाहत्यालाच विचारले नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. दुसरा आक्षेप अधिक शास्त्रीय आहे. भांडवलावर अशी बंधने घातली तर ते आटेल. कूळकायद्याचाच अनुभव पाहा: अनेक मालकांनी जमीन खंडाने देणेच बंद केले, तोंडी वहिवाटी सुरू झाल्या, काही कुळे कायदा येण्यापूर्वीच निघाली. ही आठवण रास्त आहे. म्हणूनच मी चाहत्यांना मालकी द्या असे म्हणत नाही. चाहताही धुतल्या तांदळासारखा नसतो. चोरून नकला करणारे त्यांच्यात पुष्कळ आहेत. मागणे मर्यादित हवे, पण ते हक्काचे हवे.

तीन मागण्या

पहिली मागणी सूचनेची आणि प्रथम खरेदीची. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या मैदानाचा लाभ ज्या संघाने घेतला, त्याने गाव सोडण्यापूर्वी पुरेशा मुदतीची सूचना द्यावी आणि त्या काळात स्थानिकांना संघ विकत घेण्याची संधी द्यावी. हे स्वप्नरंजन नव्हे. क्लीव्हलंडचा फुटबॉल संघ बाल्टिमोरला गेल्यावर ओहायो राज्याने १९९६ मध्ये सहा महिन्यांच्या सूचनेचा असा कायदा केला. लोकांची मालकी व्यवहारात चालते हेही दिसलेले आहे. ग्रीन बे या लहानशा गावाचा फुटबॉल संघ १९२३ पासून भागधारक नागरिकांच्या मालकीचा आहे. ओकलंडमध्येही 'बॉलर्स' हा छोटा संघ २०२४ पासून उभा राहिला असून चाहत्यांनी त्यात दहा लाख डॉलरहून अधिक भागभांडवल घातले.

दुसरी मागणी पडीक मालाची. जो खेळ कंपनीने ठरावीक वर्षे बाजारात ठेवला नाही, तो जतन करण्याचा आणि अभ्यासकांस दाखविण्याचा ग्रंथालयांना मुभा असावी. कंपनीने तो पुन्हा विक्रीस काढला, की मुभा संपावी. यात मालकाचे एका पैचेही नुकसान नाही.

तिसरी सोंगाची. स्वतः शिवलेले, विक्रीसाठी नसलेले सोंग हा गुन्हा नाही, असे कायद्याने निःसंदिग्ध शब्दांत लिहावे.

हे सारे अमेरिकेचे, आपल्याला त्याचे काय, असे वाचकांपैकी कुणी म्हणेल. पुणेकरांनी तरी म्हणू नये. आयपीएलमधील 'पुणे वॉरियर्स' हा संघ २०११ मध्ये आला आणि २०१३ मध्ये संपला. 'रायझिंग पुणे' २०१६ मध्ये आला, २०१७ च्या अंतिम सामन्यात अवघ्या एका धावेने हरला आणि त्यानंतर मुदत संपली म्हणून नाहीसा झाला. त्या रात्री जे हळहळले त्यांना पुढच्या वर्षी हळहळण्यासाठी संघच उरला नाही. आपल्याकडे क्रिकेट, कबड्डी यांचे संघ आता शहरांच्या नावाने विकले जातात. नाव शहराचे, उत्साह शहराचा, मैदान बहुधा सार्वजनिक जागेवर. करारनाम्यात मात्र शहराच्या माणसाचा पत्ता नाही. हा कायदा करण्याची वेळ चटका बसल्यानंतरची नसते, आधीची असते.

तो मुलगा निघताना दारात थांबला. मी त्याला म्हणालो, "तुझ्या प्रश्नाचे मी दिलेले उत्तर अपुरे होते." त्याने टोपी किंचित मागे सरकवली आणि सांगितले, की हत्तीचे सोंग त्याने टाकलेले नाही; आता तो ते नव्या छोट्या संघाच्या सामन्यांना घालून जातो. ज्या हत्तीला शत्रूने पांढरा म्हटले आणि मालकाने गाव सोडायला लावले, तो हत्ती अजून ओकलंडमध्येच आहे, एका तेरा वर्षांच्या मुलाच्या अंगावर. जमिनीवरून उठविले तरी कुळाने बियाणे जपून ठेवावे, तसा. ते पेरावयाला त्याला हक्काचा तुकडा मिळावा, एवढेच मागणे आहे.